ट्रान्सजेंडर मुलं स्वतःला इजा का करून घेतात?

नागपुरात तृतीयपंथी माणसं कुठे दिसतात असं विचारलं, तर बहुतेक लोक सिग्नल सांगतील, इतवारीचा बाजार सांगतील, नाहीतर लग्नाचं घर. नववीच्या वर्गातला तिसरा बाक कोणी सांगणार नाही. पण आज चाळिशीत असलेली प्रत्येक ट्रान्सजेंडर व्यक्ती कधीतरी चौदा वर्षांची होती आणि कुठल्यातरी शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव होतं. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला पहिल्यांदाच ‘इतर’ असा पर्याय आला. देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद त्यात झाली आणि त्यातली जवळपास ५५ हजार मुलं सहा वर्षांपर्यंतची होती. याच गटातलं साक्षरतेचं प्रमाण सुमारे ५६ टक्के निघालं, देशाचं तेव्हा ७४ टक्के होतं. ही मुलं शाळेत येतात, पण टिकत नाहीत.

या लेखात त्या वयाबद्दल लिहायचं आहे, आणि त्या वयातल्या अशा एका गोष्टीबद्दल, जी घरात समजली की आईबाबांच्या पायाखालची जमीन सरकते: मूल स्वतःच्याच शरीराला इजा करतं आहे. त्यात तेच मूल ‘मी मुलगी नाहीच’ किंवा ‘मी मुलगा नाहीच’ असंही म्हणत असेल, तर दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते आणि घरचे भलत्याच गोष्टीवर उपाय शोधायला लागतात. कारण नेमकं कुठे आहे हे आधी कळलं, तर उपायही योग्य जागी होतो.

## आपण कोणाबद्दल बोलतो आहोत

बाळ जन्मलं की शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. साधारण तीन-चार वर्षांचं होईपर्यंत मुलाला आपण कोण आहोत याची आतून जाणीव यायला लागते. बहुतेकांच्या बाबतीत ती नोंदीशी जुळते. काहींच्या बाबतीत जुळत नाही, आणि अशांना ट्रान्सजेंडर म्हणतात. जन्मावेळी मुलगी नोंदलेला पण स्वतःला मुलगा मानणारा तो ट्रान्स मुलगा, आणि याच्या उलट ट्रान्स मुलगी. कोण आवडतं, कोणाशी लग्न करावंसं वाटतं, हा वेगळा विषय आहे.

किशोरवयातली स्वतःला इजा म्हणजे बहुधा मरण्याच्या इराद्याशिवाय केलेली इजा. आत्महत्येचा प्रयत्न ही वेगळी गोष्ट. तरीही दोन्ही एकमेकींपासून फार लांब नसतात, कारण जे मूल वारंवार स्वतःला इजा करतं, त्याच्या बाबतीत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो. म्हणून ‘मरायचं नाही ना, मग ठीक आहे’ असं म्हणून सोडून देता येत नाही, आणि खूण दिसली की आभाळ कोसळल्यासारखं वागूनही चालत नाही.

## वेदनेतून सुटका कशी मिळते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकतो. आधीच दुःखात असलेलं मूल स्वतःला आणखी दुखवेल कशाला?

विदर्भात सावकाराचं कर्ज काय असतं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पैसा लगेच हातात पडतो, आजची नड भागते. मग व्याज चढतं आणि ते फेडायला पुन्हा त्याच दारात जावं लागतं. स्वतःला इजा करण्याचं चक्र याच रीतीने चालतं. लाज, राग, घृणा, भीती असं सगळं एकदम अंगावर आलं की मुलाला श्वास घेणंही जड होतं. त्या क्षणी शरीराला झालेली वेदना मनाचं लक्ष ओढून घेते आणि काही मिनिटं आतला गोंगाट थांबतो. ही थोडा वेळ मिळणारी शांतता खरी असते, म्हणूनच सवय लागते. त्यानंतर अपराधी वाटणं येतं, लपवाछपवी येते, आणि पहिल्या त्रासात या नव्या त्रासाची भर पडते. संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हाही मुलांनी सांगितलेलं सगळ्यात सामान्य कारण हेच निघालं: असह्य भावना खाली आणणं. काही मुलं इतकी बधिर झालेली असतात की त्यांना निदान काहीतरी जाणवावं असं वाटतं. काही स्वतःला शिक्षा करत असतात.

कर्जदाराला ‘सावकाराकडे जाऊ नको’ एवढंच बजावून भागत नाही. नड कुठून आली ते पाहावं लागतं.

## आकडे काय सांगतात

अमेरिकेत ११ ते १९ वयोगटातल्या १ लाख २० हजार ६१७ मुलांच्या उत्तरांचा अभ्यास २०१८ साली ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुम्ही कधी आत्महत्येचा प्रयत्न केला आहे का, असा त्यातला प्रश्न होता. ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ट्रान्स नसलेल्या मुलग्यांमध्ये ९.८ टक्के आणि मुलींमध्ये १७.६ टक्के होतं. ट्रान्स मुलींमध्ये ते २९.९ टक्के आणि ट्रान्स मुलग्यांमध्ये ५०.८ टक्के निघालं.

हे आकडे परदेशातले आहेत आणि मुलांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभे आहेत. ते जसेच्या तसे नागपूरला लावणं चूक होईल. ते इथे दिले ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे फरक इतका मोठा आहे की तो योगायोग म्हणून सोडता येत नाही. दुसरं, ट्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साडी नेसलेली व्यक्ती येते, आणि सगळ्यात मोठा आकडा मात्र त्यांचा आहे जे आपल्याला दिसतच नाहीत: मुलगी म्हणून वाढवले जाणारे मुलगे. त्यांना घरात ‘टॉमबॉय’ म्हणून कौतुकाने वाढवतात. पाळी आली की ते कौतुक थांबतं.

आणखी एक. ट्रान्स मुलग्यांतल्या निम्म्यांनी ‘हो’ म्हटलं, म्हणजे निम्म्यांनी ‘नाही’ म्हटलं. हे कोणाचंही विधिलिखित नाही, आणि ‘अशा मुलांचं असंच होतं’ असं मुलाच्या कानावर पडू देणं धोक्याचं आहे. इंग्लंडमध्ये सरकारच्या आत्महत्या प्रतिबंध सल्लागारांनी, प्राध्यापक लुई ॲपलबी यांनी, जुलै २०२४ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. तिथल्या ट्रान्स मुलांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकवर निर्बंध आल्यापासून ट्रान्स मुलांच्या आत्महत्या प्रचंड वाढल्या असा समाजमाध्यमांवर गाजावाजा झाला. उपलब्ध माहिती त्या दाव्याला आधार देत नव्हती आणि तशी भाषा मुलांसाठीच घातक आहे, असं त्यांनी म्हटलं.

## नड येते कुठून

इलान मेयर या अमेरिकी संशोधकाने २००३ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. तिला अल्पसंख्याक ताण म्हणतात. सगळ्यांच्या वाट्याला येणारे ताण असतातच: परीक्षा, भांडण, पैसा. त्यांच्यावर एक जादा थर चढतो, तो फक्त वेगळं असल्यामुळे. अपमान झाला तर त्याचा त्रास आहेच, पण अपमान होईल या भीतीने सतत सावध राहण्याचाही आहे, लपवण्याचाही आहे. आणि शेवटी लोक म्हणतात ते स्वतःलाच खरं वाटू लागतं, त्याचा सगळ्यात जास्त.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याकडच्या शाळेचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी गणवेश, तोही मुलीचा. हजेरीत बाई मोठ्याने ते नाव घेतात जे मुलाला आपलं वाटत नाही, आणि ‘उपस्थित’ म्हणावंच लागतं. पीटीच्या तासाला मुलांची ओळ वेगळी, मुलींची वेगळी. शाळेत दोनच प्रकारची स्वच्छतागृहं, आणि दोन्हींपैकी कुठेही गेलं तरी कोणीतरी टोकतं. म्हणून मूल दिवसभर पाणी पीत नाही. नागपूरच्या एप्रिलमध्ये पाणी न पिता शाळा काढणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी ट्यूशनला पुन्हा त्याच दोन रांगा. घरी आलं की, ‘पोट्टीसारखी बस ना जरा.’ हळदीकुंकवाला ड्रेस, मामाच्या लग्नात घागरा आणि दहावीच्या निरोप समारंभाला साडी. यातला कोणताही प्रसंग एकटा पाहिला तर लहान आहे. मुलावर वाईट वागणूक लादायची असं कोणी ठरवलेलंही नसतं. पण हे रोज आहे आणि यातून सुट्टीचा दिवस नाही.

ट्रान्स मुलींच्या वाट्याला जास्त उघड हिंसा येते. चालण्यावरून, बोलण्यावरून ‘बायल्या’ ही हाक पाचवीपासून सुरू होते. मधल्या सुट्टीत मारहाण होते, आणि तक्रार केली तर ‘तूच जरा मुलासारखा वाग’ हे उत्तर मिळतं. घरी वडील किंवा काका ‘सुधरवायला’ हात उचलतात.

त्यात वय असं की शरीरच बदलत असतं. आवाज फुटणं, मिसरूड येणं, छाती वाढणं, पाळी येणं हे बाकीच्या मुलांनाही अवघडल्यासारखं वाटतं. ट्रान्स मुलाला मात्र वाटतं की शरीर आपल्याला न विचारता भलत्याच दिशेला निघालं आहे. ते थांबवता येत नाही आणि कोणाजवळ बोलताही येत नाही. शरीराबद्दलची ती चीड मग शरीरावरच निघते.

## “मग हा मानसिक आजारच झाला ना?”

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात ही बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असंही सांगितलं.

ट्रान्स असणं हाच आजार असता, तर घरच्यांनी स्वीकारलेली मुलंही तितकीच खचलेली दिसायला हवी होती. अमेरिकेत क्रिस्टिना ओल्सन यांनी २०१६ मध्ये अशा ७३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय ३ ते १२, घरचा पाठिंबा असलेली, स्वतःच्या ओळखीनुसार राहणारी मुलं. त्यांच्यातलं नैराश्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा वेगळं नव्हतं, चिंता किंचित जास्त होती. अभ्यास लहान आहे आणि माहिती पालकांनीच दिली आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातून एक गोष्ट दिसते. नैराश्य ओळखीला जन्मतः चिकटलेलं नसतं.

‘सुधारणा’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून मुलाला लांब ठेवा, मग तो बाबा असो, मांत्रिक असो की पाटी लावलेला डॉक्टर. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा तथाकथित उपचारांना डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे.

## “लक्ष वेधून घ्यायला करतात”

बहुतेक मुलं महिनोन्महिने लपवतात. लक्ष हवं असणारा माणूस बाही खाली ओढून बसत नाही. आणि समजा एखादं मूल खरंच लक्ष मागत असेल, तर ज्या मुलाला लक्ष मिळवायला स्वतःला जखमी करावं लागतं, त्याला लक्ष द्यायलाच हवं.

## “सगळं त्या मोबाइलमुळे”

यात काही अंशी तथ्य आहे. स्वतःला इजा करण्याची चित्रं, वर्णनं पाहिल्याने आधीच त्रासात असलेल्या मुलाला तो मार्ग सुचू शकतो. म्हणूनच या लेखात तसं वर्णन कुठेही नाही. पण मोबाइल हिसकावण्याआधी थांबा. तुमच्या मुलासारखं दुसरं माणूस त्याला मोहल्ल्यात भेटलेलं नाही, शाळेत भेटलेलं नाही. कदाचित फक्त त्या पडद्यावर भेटलं आहे. तो धागा एका झटक्यात तोडला तर एकटेपणा वाढतो. काय पाहतोस, कोणाशी बोलतोस, हे शेजारी बसून विचारलं तर काहीतरी कळण्याची शक्यता जास्त.

## “आज नाव बदललं, उद्या ऑपरेशन मागेल”

ही भीती मला समजते, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलाला आवडणाऱ्या नावाने हाक मारणं, केस कापू देणं, पँट घालू देणं यात कोणतंही औषध नाही, कोणतीही शस्त्रक्रिया नाही. पुढे वेगळं वाटलं तर सगळं परत फिरवता येतं. अल्पवयीन मुलांना हार्मोनशी संबंधित औषधं द्यावीत का, यावर जगभरच्या डॉक्टरांमध्ये खरा मतभेद आहे. इंग्लंडमध्ये अशा मुलांच्या उपचारांचा आढावा घेऊन एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या कॅस अहवालाने त्यामागचा पुरावा कमकुवत ठरवला आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत नाव-कपडे बदलण्याचीही मोठ्यांनी घाई करू नये असं सुचवलं. इतर काही वैद्यकीय संघटनांचं मत वेगळं आहे. पण मुलाला मारावं, टोमणे मारावे, कोंडून ठेवावं, असं या वादातली कोणतीच बाजू म्हणत नाही. आणि आपल्या घरांत चालू असतं ते हेच.

नावाबद्दल एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या १२९ ट्रान्स तरुणांना विचारलं गेलं की घर, शाळा, काम आणि मित्र यांपैकी कुठे कुठे तुमचं निवडलेलं नाव वापरतात. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. आणखी एका ठिकाणी ते नाव वापरलं जात असेल, तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि तशी कृती ५६ टक्क्यांनी कमी आढळली. नावामुळेच हे घडलं असं यावरून सिद्ध होत नाही. जिथे नाव घेतात तिथे प्रेमही जास्त असणार. पण मग ते प्रेम देण्यापासून आपल्याला कोणी अडवलं आहे?

## घरात कसं ओळखायचं

भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालणं, हे अशा लेखांत नेहमी सांगितलं जाणारं लक्षण. नागपुरात ते तसंच्या तसं लागू पडत नाही. इथे मे महिन्यात गाडीवर निघालेली प्रत्येक मुलगी सनकोट, हातमोजे आणि स्कार्फमध्येच असते. पाहायचं ते घरात. कूलरसमोर बसूनही बाही वर जात नाही, आंघोळीला खूप वेळ लागतो, पोहायला किंवा खेळायला अचानक नकार येतो, जखमांची कारणं दर वेळी वेगळी सांगितली जातात. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोललं जातं. जवळच्या वस्तू वाटून टाकल्या जातात. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर उद्यापर्यंत थांबू नका.

बोलताना वाक्यं साधी ठेवा. ‘बेटा, हाताला काय झालं ते मी पाहिलं. मी रागावणार नाही. तुला खूप त्रास होत असेल.’ मग गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. पुढे सरळ विचारा, ‘मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट विचारल्यावर मुलांना हलकं वाटतं.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास होते आणि ती टाळायला हवी. आई रडते, मुलाचा हात डोक्यावर ठेवून घेते आणि म्हणते, ‘माझी शपथ, पुन्हा करायचं नाही.’ तिची माया खरी असते. पण चक्र शपथेने तुटत नाही. पुढच्या वेळी इजा झाली की मुलाच्या मनात आईची शपथ मोडल्याचा अपराध वाढतो आणि ते आणखी खोल लपवतं. त्यापेक्षा म्हणा, ‘पुन्हा तसं वाटलं तर रात्री दोन वाजता पण मला उठव.’ घरातली औषधं, कीटकनाशकं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा. हे मुलाला सांगून करा. असह्य वाटण्याचा क्षण बहुधा ओसरतो, आणि तोपर्यंत काही हाताशी नसणं जीव वाचवतं. मावशी-काकांना लगेच फोन करू नका. मुलाची गोष्ट मुलाच्या परवानगीनेच पुढे जावी.

## शाळेला काय करता येईल

२०१९ साली संसदेने केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्यात शिक्षणसंस्थांनी भेदभाव करण्यास मनाई आहे. एनसीईआरटीने २०२१ मध्ये अशा मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. वाद झाल्यावर ती संकेतस्थळावरून काढली गेली. म्हणून शिक्षकांनी पुस्तिकेची वाट पाहू नये. हजेरी क्रमांकाने घेता येते. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली एका मुलाला देता येते. निरोप समारंभाला ‘नीटनेटके कपडे’ एवढीच अट ठेवता येते. यातल्या कशालाही वरून आदेश लागत नाही.

अवघड भाग वेगळा आहे. शिक्षिकेला जखम दिसली, मूल म्हणालं ‘घरी सांगू नका’. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागतं, आणि ‘मी सांगणार आहे, चल, कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवू’ असं मुलाला आधी सांगावं. पण सांगायचं ते इजेबद्दल. मूल ट्रान्स आहे ही बातमी शाळेने घरी पोहोचवायची नाही. कित्येक घरांत त्या एका वाक्यानंतर शाळाच बंद होते.

## मदत कुठे मिळते, आणि पोलिसांची भीती

टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मारहाण घरातच होत असेल तर मूल स्वतः तिथे फोन करू शकतं. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत. अशा मुलांसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची उपचारपद्धती बरीच अभ्यासली गेली आहे. भावनेची लाट आली की स्वतःला न दुखवता ती कशी पार करायची, हे तीत टप्प्याटप्प्याने शिकवतात. तुमचे डॉक्टर ती करतात का ते विचारा. मूल ट्रान्स आहे हे ऐकून डॉक्टरांनी हसणं, उपदेश करणं किंवा ‘लग्न करून द्या’ म्हणणं सुरू केलं, तर डॉक्टर बदला. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था एलजीबीटी समुदायासोबत काम करते. मोठ्या झालेल्या, नोकरी-धंदा करणाऱ्या ट्रान्स माणसांना भेटल्यावर पालकांची पुष्कळशी भीती कमी होते.

इजा गंभीर असेल, किंवा काही गिळल्याची शंका असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. ‘पोलीस केस होईल’ म्हणून लोक थांबतात आणि त्यातच मुलं जातात. रुग्णालय नोंद करतं, पोलीस जबाब घेऊ शकतात, हे खरं आहे. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं, तिला शिक्षा होत नाही आणि तिच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ घेतलेलंच नाही. तेव्हा सरळ मेडिकलच्या किंवा मेयोच्या अपघात विभागात न्या. काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगा, म्हणजे योग्य उपचार वेळेत सुरू होतील. आणि वॉर्डात दाखल करताना मुलाला कुठे ठेवायचं हे ठरण्याआधी, त्याला कोणत्या नावाने हाक मारायची ते नर्सला सांगून ठेवा.